नोकरी बदलताना ऑब्जेक्टिव्ह-सी येत असल्याचा खरोखर उपयोग होतो का?

मुठाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत आयओएस डेव्हलपर म्हणून काम करतो. अनुभव सुमारे तीन वर्षांचा आहे आणि तो सर्व स्विफ्ट या ॲपलच्या आजच्या भाषेतला आहे. सुरुवातीचे प्रकल्प यूआयकिट या स्क्रीन बांधण्याच्या जुन्या साधनावर होते, आता नवीन स्क्रीन आम्ही स्विफ्टयूआय या नव्या साधनामध्येच लिहितो. पुढच्या काही महिन्यांत नोकरी बदलण्याचा विचार असल्यामुळे जाहिराती नियमित पाहत आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी, विशेषतः बँका, विमा आणि दूरसंचार क्षेत्रातील ग्राहकांसाठी काम करणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींत, स्विफ्टच्या जोडीला ‘ऑब्जेक्टिव्ह-सीचे (आयफोन ॲप्सच्या स्विफ्टपूर्वीच्या भाषेचे) ज्ञान असल्यास प्राधान्य’ अशी ओळ दिसते. अलीकडे एका मुलाखतीत मला ऑब्जेक्टिव्ह-सीमधला एक छोटा क्लास दाखवून त्यातला दोष विचारण्यात आला. कंसांची ती रचना मला नीट वाचताच आली नाही, त्यामुळे दोष सांगण्यापर्यंत गाडी पोचली नाही.

माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की ही भाषा आता संपत चालली आहे, तिच्यावर वेळ घालवण्याऐवजी फ्लटर किंवा कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म (आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींसाठी सामाईक कोड लिहिण्याची साधने) शिकावे. अभ्यासासाठी माझ्याकडे संध्याकाळ आणि शनिवार-रविवार एवढाच वेळ आहे, म्हणून निवड विचारपूर्वक करायची आहे. जे प्रत्यक्ष मुलाखती घेतात किंवा जुन्या कोडबेसवर काम करतात त्यांना विचारावेसे वाटते, की ही भाषा शिकल्याने नोकरी मिळण्याची शक्यता खरोखर वाढते का, आणि वाढत असेल तर ती किती खोलवर शिकावी? माझी एक मैत्रीण अँड्रॉइडवर काम करते. तिला फक्त कोटलिन ही अँड्रॉइडची आजची भाषा येते आणि तिथल्या जुन्या भाषेबद्दल, म्हणजे जावाबद्दल, तिचाही हाच प्रश्न आहे.

सह्यवाट यांचा प्रतिसाद

मी मुंबईत एका वित्तीय ॲपच्या संघात आहे आणि आयओएसच्या तांत्रिक मुलाखती घेतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, परंतु ते भाषा लिहिता येण्यापेक्षा वाचता येण्याबद्दलचे ‘होय’ आहे. या दोहोंत अंतर का आहे हे कळण्यासाठी जुना कोड अजून का टिकून आहे ते आधी पाहावे लागेल.

आयफोनचे ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झाले आणि ॲपलने स्विफ्ट जाहीर केली जून २०१४ मध्ये. मधल्या सहा वर्षांत जे काही नेटिव्ह ॲप लिहिले गेले ते ऑब्जेक्टिव्ह-सीमध्येच, कारण दुसरा व्यवहार्य मार्ग नव्हता. मोठ्या बँकांची, विमान कंपन्यांची, दूरसंचार कंपन्यांची पहिली ॲप्स याच काळातली. स्विफ्ट आल्यावर सर्वांनी लगेच उडी मारली असेही नाही. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत भाषेतली आणि फ्रेमवर्कमधली (तयार कोडसंचांमधली) नावे एवढी बदलली, की चालू स्थितीतला कोड पुन्हा बांधण्यासाठी अनेक संघांना सगळे काम थांबवावे लागले. स्विफ्टचा एबीआय (कंपाईल झालेले कोडचे भाग एकमेकांशी जुळण्याचे नियम) स्थिर झाला तो मार्च २०१९ मध्ये पाचव्या आवृत्तीबरोबर, आणि एका कंपायलरने बांधलेली बायनरी फ्रेमवर्क पुढच्या कंपायलरवर वापरता येण्याची सोय त्याच वर्षी ५.१ मध्ये आली. तोपर्यंत पेमेंट, ॲनालिटिक्स, ओळख पडताळणी अशा गोष्टींच्या एसडीके (इतरांच्या ॲपमध्ये जोडायचे तयार कोडसंच) मूळ कोड न दाखवता बंद स्वरूपात देणाऱ्या कंपन्यांना ऑब्जेक्टिव्ह-सी सोडणे परवडणारे नव्हते. म्हणजे २०१४ ते २०१९ या काळातही जुन्या भाषेत नवा कोड भरपूर लिहिला गेला.

हा कोड एका जागी पडून राहिला असता तर कोणाला त्याची फिकीर नव्हती. पण ॲपल त्याला पडून राहू देत नाही. २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यावर ३२-बिट ॲप्स चालेनाशी झाली. पुढे यूआयवेबव्ह्यू हा ॲपमध्ये वेबपान दाखवणारा जुना घटक वापरणारी नवी ॲप्स स्वीकारणे बंद झाले. एप्रिल २०२५ पासून एक्सकोड या ॲपलच्या ॲप बांधण्याच्या साधनाच्या १६ व्या किंवा त्यापुढच्या आवृत्तीने बांधलेलीच ॲप्स सादर करता येऊ लागली. दरवर्षी असे काहीतरी येते आणि दहा वर्षांत कोणी न उघडलेली फाईल उघडावी लागते. ती उघडणारा माणूस कंपनीला हवा असतो, आणि जाहिरातीतली ती ओळ त्या माणसासाठी असते. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये नवे मॉड्यूल लिहिणारा आम्हाला नको आहे. असे मॉड्यूल कोणी लिहिले तर ते आम्ही पुनरावलोकनातच परत पाठवू.

मुलाखतीत नेमके काय पाहिले जाते ते एका उदाहरणाने सांगतो, कारण आपल्याला दाखवलेला क्लास बहुधा याच प्रकारचा असावा.

ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये निल (म्हणजे रिकाम्या) असलेल्या ऑब्जेक्टला संदेश पाठवला, म्हणजे त्याची मेथड बोलावली, तर काहीच घडत नाही. उत्तर म्हणून निल किंवा शून्य मिळते आणि ॲप पुढे चालत राहते. जुन्या काळातल्या लेखकांनी या वागणुकीवर निश्चिंतपणे विसंबून कोड लिहिला आहे. आता असा क्लास स्विफ्टमधून वापरायचा झाला, तर त्याच्या हेडर फाईलमध्ये (क्लासचे बाहेरून दिसणारे रूप सांगणाऱ्या फाईलमध्ये) कोणती किंमत (व्हॅल्यू) निल असू शकते आणि कोणती नाही याच्या खुणा असाव्या लागतात. या खुणांची सोय २०१५ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या हेडरमध्ये त्या नसतातच. खूण नसेल तर स्विफ्टचा कंपायलर त्या किंमतीला आपोआप उघडणारा ऑप्शनल समजतो, म्हणजे ती निल असू शकते तरी वापरताना निल नाही असे धरून चालतो. कोड बिनतक्रार कंपाईल होतो, चाचणीतही उत्तीर्ण होतो, आणि, उदाहरणार्थ, एखाद्या ग्राहकाच्या खात्याला टोपणनाव नसल्याच्या क्षणी ॲप कोसळते. जी परिस्थिती जुन्या कोडने गेली कित्येक वर्षे शांतपणे पचवली होती तीच नव्या कोडला पचत नाही. क्रॅश लॉग मात्र बोट दाखवतो स्विफ्टच्या ओळीकडे, म्हणून ज्याला फक्त स्विफ्ट येते तो तिथेच शोधत बसतो आणि शेवटी एखादा इफ लावून मोकळा होतो. ज्याला हेडर वाचता येते तो योग्य जागी खूण लावतो आणि मग कंपायलरच त्याला उरलेली सगळी धोक्याची ठिकाणे दाखवून देतो.

हा फरक दाखवू शकणारा उमेदवार माझ्या दृष्टीने पुढे जातो. बाकीच्या अपेक्षा साध्या आहेत: स्ट्रिंगच्या प्रॉपर्टीला स्ट्राँगऐवजी कॉपी का लिहितात, ब्लॉकच्या आत सेल्फ घेतल्याने रिटेन सायकल (एकमेकांना धरून ठेवल्याने ऑब्जेक्ट मेमरीतून न सुटणे) कशी तयार होते, कॅटेगरी म्हणजे काय. एआरसी (मेमरी आपोआप मोकळी करण्याची सोय) २०११ पासून आहे, त्यामुळे हाताने रिटेन-रिलीज करण्याचे प्रश्न मी विचारत नाही आणि ते विचारले जाऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

पहाटवारा यांचा प्रतिसाद

सह्यवाट यांनी सांगितलेले त्यांच्या क्षेत्रापुरते खरे आहे, पण त्यावरून सर्वसाधारण सल्ला काढू नये असे वाटते. मी बंगळूरमध्ये एका प्रॉडक्ट कंपनीत आहे. आमचे ॲप २०२० नंतर सुरू झाले आणि त्यात ऑब्जेक्टिव्ह-सीची एकही फाईल नाही. आमच्याकडे मुलाखतीत उमेदवार अडखळतात ते स्विफ्टच्याच नव्या भागात. ॲक्टर म्हणजे काय, सेंडेबल कशासाठी लागते, स्विफ्टयूआयमध्ये एखादा व्ह्यू पुन्हा पुन्हा का काढला जातो, सहाव्या आवृत्तीची काटेकोर कन्करन्सी (एकाच वेळी अनेक कामे चालवण्याची) तपासणी चालू केल्यावर आलेले इशारे कोणत्या क्रमाने सोडवावेत, या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे तीन-चार वर्षांचा अनुभव असलेल्यांकडूनही क्वचित मिळतात. विजेट तर केवळ स्विफ्टयूआयमध्येच बांधता येतात. तिथे जुन्या भाषेचा संबंध येत नाही.

मुठाकाठ, आपल्याकडे संध्याकाळचा जो वेळ आहे तो मर्यादित आहे आणि म्हणून तो आधी या विषयांना द्यावा. जुन्या भाषेचे अज्ञान एखाद्या मुलाखतीत अडचणीचे ठरेल, पण स्विफ्टमधला कच्चेपणा प्रत्येक मुलाखतीत अडचणीचा ठरेल.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण ती फारशी कोणी बोलून दाखवत नाही. बायोडेटामध्ये जुनी भाषा ठळकपणे लिहिली की त्याच प्रकारची कामे चालून येतात. माझ्या आधीच्या नोकरीत एका सहकाऱ्याला ती भाषा येत होती म्हणून त्याला सलग देखभालीच्याच कामावर ठेवले गेले. नवे काम इतरांना मिळत गेले आणि पुढच्या नोकरीसाठी सांगण्यासारखे त्याच्याकडे काही उरले नाही. मुलाखत ही दोन्ही बाजूंनी असते. ज्या पदासाठी ही भाषा मागितली आहे तिथे ‘जुन्या आणि नव्या कोडचे प्रमाण काय आहे आणि स्थलांतराची योजना काय आहे’ हे आपणच विचारावे. योजना नसेल तर पगार कितीही चांगला असला तरी मी तरी जाणार नाही.

नीरा_डावा_कालवा यांचा प्रतिसाद

अँड्रॉइडबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून आपल्या मैत्रिणीसाठी लिहिते. मी हिंजवडीत अँड्रॉइड संघाची प्रमुख म्हणून काम करते.

जावाची स्थिती ऑब्जेक्टिव्ह-सीसारखी नाही. ऑब्जेक्टिव्ह-सी ॲपलच्या उपकरणांबाहेर जवळपास कुठेच वापरात नाही. जावा मात्र सर्व्हरवर भक्कम पाय रोवून आहे, पुण्यातल्या आणि मुंबईतल्या बँकिंग प्रकल्पांचे बॅकएंड मोठ्या प्रमाणावर तिच्यातच आहे, आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ती बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेली असते. त्यामुळे ‘जावा येते’ हे अँड्रॉइडच्या उमेदवाराचे वेगळेपण ठरत नाही. ते गृहीत धरलेले असते, आणि येत नसेल तर मात्र ते लगेच लक्षात येते.

गुगलने कोटलिनला अधिकृत पाठिंबा दिला मे २०१७ मध्ये आणि २०१९ मध्ये तिला अँड्रॉइडसाठी पहिली पसंती जाहीर केली. जेटपॅक कंपोझ हे स्क्रीन बांधण्याचे नवे साधन तर कोटलिनशिवाय लिहिताच येत नाही. तरीही २०१७ पूर्वीची ॲप्स जावामध्ये आहेत, आणि प्ले स्टोअरही ॲपलप्रमाणेच दरवर्षी टार्गेट एपीआयची (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बांधले आहे त्याची) पातळी वर नेत असल्यामुळे (ऑगस्ट २०२५ अखेरपासून नव्या ॲप्सना आणि अपडेट्सना अँड्रॉइड १५ टार्गेट करणे आवश्यक झाले) तो कोड उघडण्याची वेळ सर्वांवर येते. अशा ॲपमध्ये असिंकटास्क या पार्श्वभूमीत काम चालवणाऱ्या वर्गावर उभी असलेली डझनभर कामे सापडतात. तो वर्ग २०२० मध्ये अँड्रॉइड ११ बरोबर कालबाह्य ठरवला गेला आहे, आणि ही कामे कोरुटीनमध्ये (कोटलिनच्या त्याच कामाच्या पद्धतीमध्ये) नेताना स्क्रीन फिरवल्यावर किंवा बंद केल्यावर जुना कोड काय करत होता हे समजून घ्यावे लागते.

सह्यवाट यांनी निलबद्दल जे लिहिले आहे त्याचीच अँड्रॉइडमधली आवृत्ती आम्ही मुलाखतीत विचारतो. जावाच्या मेथडवर नलेबल किंवा नॉननलची (किंमत नल, म्हणजे निलसारखीच रिकामी, असू शकते की नाही याची) खूण नसेल तर कोटलिनचा कंपायलर तिच्याकडून येणाऱ्या किंमतीची तपासणी सोडून देतो. कोटलिन नलपासून संरक्षण देते एवढेच पाठ असलेल्या उमेदवाराला कोटलिनमध्ये नल पॉइंटर एक्सेप्शन कसे येते हे सांगता येत नाही. आमची एक फेरी अशी असते, की जावाचा एक क्लास देतो आणि त्याचे कोटलिनमध्ये रूपांतर करायला सांगतो. अँड्रॉइड स्टुडिओमधले रूपांतराचे साधन वापरण्यास पूर्ण मोकळीक असते. साधन वापरल्यावर जागोजागी दोन उद्गारचिन्हे (‘इथे नल नाही’ असे कंपायलरला बजावणारी खूण) उमटतात, आणि खरी मुलाखत तिथून सुरू होते. कोणती उद्गारचिन्हे काढता येतील, कोणत्या ठिकाणी किंमत खरोखर नल असू शकते, कोणता क्लास डेटा क्लास करावा आणि कोणता करू नये, याची कारणे जी व्यक्ती देऊ शकते तिला आम्ही घेतो. आपल्या मैत्रिणीला सांगा की जावा स्वतंत्र विषय म्हणून पहिल्या धड्यापासून शिकण्याची गरज नाही. तिने आपल्याच प्रकल्पातल्या जावा फाईल निवडून त्यांचे असे रूपांतर करावे आणि प्रत्येक निर्णयाचे कारण लिहून ठेवावे. जावा पुरेशी आली तर पुढे बॅकएंडकडे जाण्याचा मार्गही खुला राहतो, जो ऑब्जेक्टिव्ह-सी देत नाही.

दुहेरी_पूल यांचा प्रतिसाद

सहकाऱ्यांनी फ्लटर किंवा कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म ‘ऐवजी’ शिका असे सांगितले आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. मी याच प्रकारचे काम करतो आणि त्यात ऑब्जेक्टिव्ह-सी टाळता येत नाही.

कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर झाले. त्यात कोटलिनमध्ये लिहिलेला सामाईक कोड आयओएसला देताना जी फ्रेमवर्क तयार होते तिचे दार ऑब्जेक्टिव्ह-सीच्या हेडरचे असते. कोटलिनमधली सील्ड क्लासची (ज्याचे सगळे प्रकार आधीच ठरलेले असतात अशा क्लासची) मांडणी तिथून बाहेर पडताना साध्या क्लासच्या उतरंडीत बदलते, त्यामुळे स्विफ्टचा स्विच सगळ्या शक्यता हाताळल्या आहेत की नाही हे तपासू शकत नाही. फंक्शनच्या पॅरामीटरना दिलेल्या पूर्वनिश्चित किंमतीही हरवतात. स्विफ्टमध्ये थेट निर्यात करण्यावर काम चालू आहे, पण चालू प्रकल्प हेडरवरच उभे आहेत. आयओएस संघ ‘हा एपीआय असा विचित्र का दिसतो’ असे विचारतो तेव्हा उत्तर त्या हेडरमध्ये असते आणि ते वाचणारा माणूस दोन्ही संघांना हवासा होतो.

रिॲक्ट नेटिव्ह या जावास्क्रिप्टमधून ॲप लिहिण्याच्या साधनाचेही तसेच. २०२५ च्या सुरुवातीला ०.७७ आवृत्तीपासून नव्या प्रकल्पाचा आयओएसकडचा आरंभीचा कोड स्विफ्टमध्ये मिळू लागला, परंतु नव्या रचनेनुसार नेटिव्ह मॉड्यूल लिहायचे झाल्यास स्विफ्ट आणि रिॲक्ट नेटिव्ह यांच्यामध्ये ऑब्जेक्टिव्ह-सी++ चा पातळ थर अजून लिहावा लागतो. फ्लटरच्या प्लगिनचा साचा स्विफ्टमध्ये आहे, तिथे ही अडचण कमी आहे.

पहाटवारा यांच्या मताशी मी एका बाबतीत असहमत आहे. देखभालीच्या कामावर अडकवले जाणे हा भाषा येण्याचा परिणाम नसून कंपनीने कामाचे वाटप कसे केले याचा परिणाम आहे. माझ्या अनुभवात दोन भाषांच्या सीमेवरचे काम करणाऱ्यांना ॲपच्या रचनेबद्दलचे निर्णय घेण्याच्या बैठकांत लवकर स्थान मिळते, कारण दोन्हीकडचे वाचू शकणारे मोजकेच असतात.

मुठाकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मैत्रिणीला हा धागा पाठवला आहे. पहाटवारा यांच्या सल्ल्यानुसार कन्करन्सीचा अभ्यास आधी पूर्ण करतो आणि त्यानंतर ऑब्जेक्टिव्ह-सी वाचण्याइतपत शिकतो. सह्यवाट यांना दोन गोष्टी विचारतो. माझ्या कंपनीच्या प्रकल्पात जुना कोड नाही, तर सराव कशावर करावा? आणि व्यावसायिक अनुभव नसताना बायोडेटामध्ये याबद्दल काय लिहावे म्हणजे ते खोटेही होणार नाही आणि दुर्लक्षितही राहणार नाही?

सह्यवाट यांचा प्रतिसाद

क्रम योग्य ठरवला आहे. पहाटवारा यांनी स्विफ्टबद्दल जे लिहिले ते मलाही मान्य आहे. स्विफ्ट कच्ची असलेल्या उमेदवाराला केवळ जुनी भाषा वाचता येते म्हणून मी घेतलेले नाही.

सरावासाठी एसडीवेबइमेज ही लायब्ररी घ्या. चित्रे उतरवून साठवून ठेवणारी ही लायब्ररी मुख्यतः ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये असून तिच्यावर अजून काम चालू आहे, त्यामुळे आधुनिक शिस्तीने लिहिलेला जुन्या भाषेतला कोड कसा दिसतो हे कळेल. तिच्यातला कॅशचा भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा. त्यानंतर एएफनेटवर्किंग ही सर्व्हरशी बोलणारी लायब्ररी पाहा. एके काळी जवळपास प्रत्येक ॲपमध्ये ती असायची, आता तिची देखभाल थांबली आहे. जुन्या बँकिंग ॲप्समध्ये तिच्यावर बांधलेला नेटवर्कचा थर तुम्हाला हमखास भेटेल आणि तो यूआरएलसेशनवर (ॲपलच्या स्वतःच्या नेटवर्क साधनावर) आणण्याचे काम आजही संघांना करावे लागते.

वाचून झाल्यावर हाताने करायचे काम असे. स्वतः एक छोटे ॲप ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये लिहा, यादी दाखवणारी एक स्क्रीन आणि सर्व्हरवरून माहिती आणणारा एक क्लास एवढे पुरे. माहिती आणणाऱ्या मेथडला कंप्लीशन हँडलर (काम संपल्यावर बोलावला जाणारा कोड) द्या. मग ब्रिजिंग हेडर (जुना कोड स्विफ्टला दाखवणारी हेडर फाईल) घालून तो क्लास स्विफ्टमधून वापरा. पहिल्यांदा नलेबिलिटीच्या (किंमत निल असू शकते की नाही याच्या) खुणा न लावता वापरा आणि ॲप कुठे कोसळू शकते ते शोधा, नंतर खुणा लावून पुन्हा पाहा. स्विफ्ट ५.५ पासून तीच कंप्लीशन हँडलरची मेथड स्विफ्टच्या बाजूने असिंक (उत्तराची वाट पाहताना ॲप न अडवणारी) मेथड म्हणून दिसते, तीही वापरून पाहा म्हणजे तुमचा कन्करन्सीचा अभ्यास इथे जोडला जाईल. शेवटी उलट दिशेने जा. एखादा स्विफ्टचा स्ट्रक्ट किंवा किंमती वाहून नेणारा इनम (हे स्विफ्टमधले माहितीचे प्रकार) ऑब्जेक्टिव्ह-सीमधल्या स्क्रीनला द्यायचा प्रयत्न करा. तो तिथून दिसतच नाही, त्याला वेगळ्या क्लासमध्ये गुंडाळावे लागते. स्थलांतर करताना कोणती फाईल आधी उचलावी आणि कोणती शेवटी, हे ठरवण्याची दृष्टी या एका अडचणीतून येते आणि मी मुलाखतीत याबद्दल आवर्जून विचारतो.

बायोडेटामध्ये भाषांच्या यादीत ऑब्जेक्टिव्ह-सी स्विफ्टच्या शेजारी समान पातळीवर लिहू नका. तसे लिहिले की मेसेज फॉरवर्डिंग, मेथड स्विझलिंग आणि रनटाइमचे असे भाषेच्या खोलातले प्रश्न येतात आणि ते योग्यच असते. त्याऐवजी प्रकल्पांच्या विभागात एक ओळ लिहा: ऑब्जेक्टिव्ह-सीमधला नेटवर्क क्लास नलेबिलिटीच्या खुणांसह स्विफ्टशी जोडला आणि टप्प्याटप्प्याने असिंक-अवेटवर आणला. त्याखाली सार्वजनिक कोडचा दुवा द्या आणि कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) लहान ठेवा. दुवा दिला असेल तर मुलाखतीआधी मी तो उघडतो, आणि माझे पहिले दोन-तीन प्रश्न त्याच कमिटवर असतात.